आरशाचा तडा

रूपाने नखाने चिकटपट्टीचं टोक उचकटलं आणि एका दमात ओढलं. उद्या तिची हळद. पाहुण्यांनी घर भरणार, आणि आरशाच्या कोपऱ्यात हे पिवळं पडलेलं ध्यान कशाला?

एक पट्टी म्हणता म्हणता थरच्या थर निघाले. तिचा बाप केसरीनाथ गोदामात पॅकिंगला. उरलेसुरले रोल घरी यायचे. रिमोट म्हणू नका, बादली म्हणू नका, जे फुटेल त्याला पट्टी बसायचीच. आरशावर मात्र दर दिवाळीला जुनीवर नवी चढायची. "तडा गेलाय, हात नको लावू, कापेल," हे रूपा लहानपणापासून त्याच्या तोंडून ऐकत आली होती.

तिने काच पुसली, बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. तडा कुठेच नव्हता. काच चांगली धडधाकट होती, नुसता गोंदाचा एक गोल डाग राहिला होता.

मग तिने हातातली पट्टी उलटी केली. चिकट बाजूला एक मखमली टिकली होती. आईची. आई अंघोळीला जाताना टिकली काढून आरशाला लावायची आणि आल्यावर तीच परत कपाळाला. एका सकाळी ती न्हाणीतच कोसळली. आरशावरची टिकली मग कोणी काढली, हा प्रश्न रूपाला कधी पडलाच नव्हता.

"बायको गेली नि हा लगेच ड्युटीवर. डोळ्याला पानी न्हाय," गुणाबाई आत्या अजून बोलून दाखवायची. रूपालाही ते पटलेलं होतं. आईचं नाव निघालं की हा माणूस उठून बाहेर जायचा. तिने त्याला केव्हाच दगड ठरवलं होतं.

मंडपवाल्याशी बोलून केसरीनाथ आत आला. त्याने आरसा पाहिला, मग तिचा हात. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

"बाबा, मला ठाऊकच नव्हतं," ती कशीबशी म्हणाली.

तो पुढे आला. पट्टीवरून टिकली हळूच सोडवली, बरोबर त्या डागावर ठेवली आणि अंगठ्याने दाबून धरली. अंगठा काढला की ती घसरायची. शेवटी त्याने खिशातून रोल काढला, दातांनी तुकडा तोडला आणि वरून लावला. नव्या पट्टीखाली टिकलीचा मरून रंग स्वच्छ दिसायला लागला.

रोल काही त्याने परत खिशात ठेवला नाही. तिच्याकडे न बघता शेजारची काच तो बाहीने पुसत राहिला.

"परवा निघशील ना बाय," तो म्हणाला, "तवा तुजी पन एक हितं लावून जा."