न ओढणाऱ्यांत

“माझा भाऊस? नाय मॅडम. बिडी ना सिगारेट, कशाला हात नाय लावला त्यानं,” पंढरी म्हणाला आणि समोरच्या ताटातली सिगारेट उचलून त्यानं पेटवली.

दाराआड बसलेल्या जानकीबाईला शिसारी आली. तिच्या नवऱ्याला, नथूला, जाऊन आठवडा झाला होता. दुखवट्याला येणाऱ्यांपुढे विड्या, सिगारेटी, तंबाखू असं ताट ठेवायची इथली रीत. ते ताट रोज तिनंच भरून बाहेर पाठवायचं. अंगणात बसलेले सगळे ओढत होते, थुंकत होते आणि नथू किती निर्व्यसनी होता ते एकमेकांना सांगत होते. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, हे तिलाही कळत होतं. पण इतकं धडधडीत खोटं? धसईच्या बाजारातून भाजीचा टेम्पो न्यायचा तोही नथू एका हातानं चालवायचा. दुसऱ्या हातात सिगारेट. शेवटी शेवटी खोकल्यातून रक्त पडायला लागलं. तो थुंकीचा डबा ती धुवायची, आणि हा बाबा तशातही उशाखाली पाकीट चाचपत असायचा.

विचारपूस करायला आलेली वंदना मुरबाडची. वयात आलेल्यांतली किती माणसं सिगारेट-विडीनं मरतात याचा अंदाज काढायचं काम निघालं होतं, त्यासाठी ती घरोघर हिंडत होती. पंढरीचं उत्तर तिनं लिहून घेतलं, पण तिचं तोंड कडू झालं होतं.

“वैशाखरे गावापासून विचारत आलेय,” ती म्हणाली. “छातीच्या दुखण्यानं गेलेला एकही माणूस ओढत नव्हता म्हणे.”

“चांगलंच की मग,” पंढरी म्हणाला आणि त्याला खोकला आला. वाकून वाकून खोकला तो. लोकांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

जानकीबाईनं मात्र ऐकलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हा दीर उघडानागडा अंगणात खेळायचा. तिनंच त्याला भरवला, वाढवला. आणि हा खोकला तर तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

“बाय,” तिनं आतूनच विचारलं, “मग ह्यांना कशात धरलं?”

“न ओढणाऱ्यांत. ओढणारे किती गेले, न ओढणारे किती गेले, ते आम्ही ताडून बघतो. तुमच्या नवऱ्याकडे बघून आता असंच दिसणार, की सिगारेट न ओढताही छाती सडते. तेवढा सिगारेटीचा दोष कमी झाला.”

जानकीबाई उठली. सुतकातली विधवा चारचौघांसमोर येत नाही. ती उंबरा ओलांडून सरळ अंगणात आली. म्हातारे चुळबुळले.

“ते खोडा,” ती म्हणाली. “मरेपरत वढली ह्यांनी. त्यानंच गेले.”

पंढरी ताडकन उठला. “वैनी, राख निवली नाय त्याची अजून, आनि तू लोकांत त्याची अब्रू काढतेस?”

तिनं त्याच्या बोटांतली जळती सिगारेट काढून घेतली. भावाचं नाव निघाल्यावर त्याचे डोळे भरले होते. तिचे कोरडे होते.

“आज गप बसले, पंढरी, तर उद्या तुझ्या नावानं पन मलाच खोटं बोलावं लागल.”