एका दुपारची पदवी

परीक्षा केंद्राच्या बाकावर मृण्मयी आणि एक अनोळखी मुलगा चहा पीत बसले होते. आत यंत्रात दोघांच्या मेंदूंच्या प्रती तीन वर्षांचं कॉलेज एका दुपारीत उरकत होत्या.

आधी मृण्मयीला बोलावलं. प्रतीच्या सगळ्या आठवणी तिच्या डोक्यात चढवल्या आणि हातात पदवी दिली. बाहेर येऊन ती थेट त्या मुलासमोर उभी राहिली.

"श्रीपाद, आत जाऊ नकोस."

"तुम्हाला माझं नाव कसं माहीत?"

"दुसऱ्या वर्षी आपलं लग्न झालं. तिसऱ्या वर्षी मी घर सोडलं."

"असेल हो. पण पदवीशिवाय सोमवारी मला नोकरीवर घेणार नाहीत."

मृण्मयी त्याच्या शेजारी बसली.

"मग जा. मी इथेच थांबते. आपलं भांडण अर्धंच राहिलंय, मध्येच निकाल लागला."