अस्सल नानाजी

"नानाजी, तुमची कालची मेल आईला वाचून दाखवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं हो!" पुण्याहून मधुकरराव फोनवर सांगत होते.

नानाजी खुर्चीत ताठ बसले. काल त्यांनी मधुकररावांना मेल पाठवली होती, हे खरं. पण तिच्यात 'माल तयार. ट्रक पाठवा.' एवढंच होतं. आता एवढ्यावर रडायचं म्हणजे माणूस फारच हळवा पाहिजे.

"तुम्ही लिहिलंत तसा निरगुडीचा पाला बांधतोय तिच्या गुडघ्यांना. उतार आहे," असं म्हणून मधुकररावांनी फोन ठेवला.

हिंगणघाटात नानाजींचा हळदीचा व्यापार होता. पुण्याच्या एका मसाला कारखान्याला वर्षाची सगळी हळद त्यांच्याकडून जायची आणि तिथली खरेदी मधुकररावांच्या हातात होती. ते काम गेलं की गोदामाला कुलूप. अशा माणसाला आपल्या नावानं पाल्याचे उपाय कळवणारा हा कोण उपटसुंभ, या विचारानं नानाजींचं पित्त खवळलं.

तसं नानाजींचं लिखाण ओळखायला सोपं होतं. उभी हयात त्यांनी तारा पाठवण्यात घालवली होती. तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून 'कृपया' आणि 'आभार' यांना त्यांनी तेव्हाच हद्दपार केलं होतं. आता २००८ साली मेल फुकट जात होती. पण फुकट मिळालं म्हणून उधळणारे नानाजी नव्हेत.

पुतण्याला, पियुषला, बोलावणं गेलं. पियुष नागपूरहून कॉम्प्युटर शिकून आला होता, त्यामुळे घरातला मिक्सर बिघडला तरी त्यालाच बोलावणं जाई.

"काकाजी, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीबी लिहू शकते. मेलचं तसंच आहे," पियुष म्हणाला. "आपण कोणकोणती मशीन आपली, त्याची यादी इंटरनेटवर जाहीर करून टाकू. यादीतल्या मशीनवरून निघाली, तेच मेल अस्सल. बाकी सगळ्या वापस."

"दुकानची मशीन टाक यादीत. दुसरी नाई पाहिजे," नानाजी म्हणाले. "चोराले दारातच अडवतो."

संध्याकाळी घरी त्यांनी हा पराक्रम सुनेला रंगवून सांगितला. मयुरी रोजच्यासारखी त्यांच्या गुडघ्याला पट्टी बांधत होती.

"म्हणजे आता घरच्या कॉम्प्युटरवरून मेल जाणार नाई, मामाजी?"

"घरून काऊन जाईन? घरी का हळद विकून राह्यलो आपण?"

मयुरीनं पट्टीची गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

पुढच्या आठवड्यात मधुकररावांनी यंदाचा दर थोडा कमी होईल का, म्हणून मेलवर विचारलं. नानाजींनी अस्सल मशीनवर बसून अस्सल उत्तर पाठवलं. 'दर तोच. पटलं तर उचला. नाही तर राम राम.' आता आपल्या नावाला कोण हात लावतो ते बघतोच, म्हणत त्यांनी मिशीला पीळ दिला.

दोन दिवसांनी सकाळीच मधुकररावांचा फोन आला. नानाजी ओसरीवर पाय पसरून बसले होते.

"नानाजी, तुमच्या नावानं कोणीतरी खोट्या मेल पाठवतंय!"

"अजून?" नानाजी ओरडले.

"अहो, किती वर्षं चाललंय हे. आधी एक उद्धट मेल यायची, आम्ही ती फेकून द्यायचो. मग पाठोपाठ तुमची खरी मेल यायची. आईची चौकशी, दराचं समजुतीनं बोलणं. आता तुमच्या मेल बंदच झाल्या, त्या मवाल्याच्याच येतात. आणि आमचं मशीन वर सांगतं, हाच अस्सल! आज तुमची खरी मेल आली नाही, तर साहेब काम सांगलीला देऊन मोकळे होतील. लवकर लिहा हो. आणि हो, त्या निरगुडीनं आई चालायला लागली."

नानाजींनी आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. पट्टीच्या कडेनं निरगुडीचं हिरवं पान बाहेर आलं होतं. दारात मयुरी उभी होती आणि जमिनीकडे बघत होती.

एवढी वर्षं जिनं आपली अब्रू राखली, तिलाच आपण चोर ठरवून दारात अडवलं. नानाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायला शब्द लागतात, आणि ते खर्चायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पियुषला फोन लावला.

"पियुष, घरची मशीन यादीत टाक. माही काढ."