जो उभा, त्याचा पाव

आमच्या इंग्लंडात कॅथेड्रलच्या धर्मगुरूंचा मोबदला म्हणजे प्रिबेंड. लॅटिनमधला मूळ अर्थ, पुरवलेलं अन्न. रविवारी पहाटेच्या प्रार्थनेला जो उभा, त्यालाच आठवड्याचे पाव.

म्हाताऱ्या फादर ऑस्बर्नना मी आणि माझा सोबती धर्मगुरू रॅनल्फ यांनी दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं होतं. घरी त्यांची आंधळी बहीण होती, याच पावांवर जगणारी.

पाव वाटणारे फादर हेमो आमच्यासमोर थांबले.

"काय हो ऑस्बर्न, आज गळा रुसला का?"

"घसा बसलाय त्यांचा," मी घाईने म्हणालो.

"आणि पायही?"

रॅनल्फने ऑस्बर्नना आणखी घट्ट धरलं.

हेमोंनी पाव मोजून ऑस्बर्नच्या झोळीत टाकले.

&nbsp;

&nbsp;

मग हलक्या हाताने त्यांचे उघडे राहिलेले डोळे मिटवले.