तीन बेटांचा बेत

"हे विमान काही तुम्हाला घेता येणार नाही," ट्रॅव्हल एजंट तिला म्हणाला.

किती खपून तिने तो बेत जुळवला होता. पहिल्या बेटावर डायव्हिंग शिकायचं, तिथून बोटीने दुसऱ्या बेटावर जायचं, आणि शेवटी छोट्या विमानाने तिसऱ्यावर. तिथे म्हणे पाण्याखाली खाटेएवढी कासवं दिसतात. त्या कासवांसाठी तिने सासूबाईंना नणंदेकडे धाडायची बोलणी केली होती, मुलीची परीक्षा संपायची वाट पाहिली होती, वॉर्डातल्या आपल्या ड्यूट्या दुसऱ्या सिस्टरच्या गळ्यात मारल्या होत्या.

"का नाही घेता येणार? जागा आहेत की विमानात."

"जागा आहेत हो. पण सकाळी पाण्याखाली जाऊन आलात की लगेच विमानात बसायचं नसतं. अंगात वायू साठलेला असतो, वर गेलं की तो त्रास देतो. मध्ये एक अख्खा दिवस मोकळा सोडावा लागतो."

"मोकळा म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे काही करायचं नाही. पडून राहायचं."

पडून राहायचं. तिने ते शब्द मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले. मग लगेच डोकं कामाला लागलं. एक दिवस वाढला म्हणजे परतीचं सगळंच पुढे जाणार. नणंदेला पुन्हा फोन करावा लागणार, आणि तिने हो म्हणायच्या आधी चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागणार.

"तू बघ गं काय ते," नवरा म्हणाला. "तुझं डोकं चालतं यात."

तो हे कौतुकानेच म्हणाला. माणूस वाईट नव्हता. बेटांची कल्पना मूळची त्याचीच. मित्राचे फोटो बघून एका संध्याकाळी तो म्हणाला होता, "आपणही जायचं हं." तेवढं म्हणून त्याने आपल्या वाटणीचं काम उरकलं होतं.

"ब्लडप्रेशरची गोळी घेता का, सर?" एजंटने विचारलं.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने गोळीचं नाव सांगितलं.

"चष्म्याचा नंबर? म्हणजे तसाच मास्क बघायला सांगतो."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नंबर सांगितला.

"आणि पायाचं माप?"

"नऊ," नवऱ्याने मान वळवायच्या आत ती म्हणाली.

"मॅडमचं?"

"सहा असेल," नवरा उत्साहाने म्हणाला. "सहाच ना गं?"

"पाच."

एजंटने बोटवाल्याला फोन लावला. पलीकडून कुणीतरी 'थांबा' म्हटलं आणि फोनमधून कसलीशी धून वाजायला लागली. त्याने तो टेबलावर ठेवला. या ऑफिसात यायच्या आधी तो स्वतः डायव्हिंग शिकवायचा. रिकामं बसण्यापेक्षा बरं म्हणून त्याने दोन्ही हात वर केले.

"तोवर चार खुणा दाखवतो. पाण्याखाली तोंडात नळी असते, त्यामुळे बोलणं बंद."

"म्हणजे तेवढा वेळ तरी बोलणी बसणार नाहीत!" नवरा हसला. तीही सवयीने हसली.

"सगळं ठीक आहे, हे कसं सांगाल?"

नवऱ्याने अंगठा वर केला.

"चुकलं. अंगठा म्हणजे वर चला, आता पुरे. ठीक आहे सांगायचं तर अंगठा आणि पहिलं बोट जोडून असा गोल करायचा. विचारायचं तेही असंच. आणि काही बिघडलं असेल, तर पंजा आडवा धरून असा डुगडुगवायचा. दर थोड्या वेळाने जोडीदाराला विचारत राहायचं. बघा विचारून मॅडमना."

नवरा खुर्चीतल्या खुर्चीत वळला. भुवया उंचावून, गाल फुगवून त्याने बोटांचा गोल केला आणि तिच्यासमोर धरला.

ठीक?

तिने हात उचलला. अंगठा बोटापाशी गेला, आणि तिथेच थांबला. मग तिचा पंजा उघडला, आडवा झाला, आणि डुगडुगायला लागला.

"अगं, गोल कर, गोल," नवरा हसत म्हणाला.

तिलाही तेच करायचं होतं. पण हात काही ऐकेना. टेबलाच्या कडेवर तो नुसता इकडून तिकडे कलत राहिला. ती त्या हाताकडे बघत राहिली, वॉर्डातल्या एखाद्या पेशंटच्या हाताकडे बघावं तशी.

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. फुगवलेले गाल खाली आले. फोनमधून "हॅलो, हॅलो" ऐकू आलं. एजंटने तो बंद करून पालथा ठेवला.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

तिचा पंजा अजून कलतच होता.

"काय झालं गं? सांग ना."

"पाण्याखाली असं विचारता येत नाही, सर," एजंट हलक्या आवाजात म्हणाला. "जवळ जावं लागतं."

नवरा उठला. खुर्ची तिच्याकडे सरकवायला गेला, तर मध्ये तिची पर्स होती. ती त्याने उचलली, आणि त्याचा हात एकदम खाली गेला.

"केवढी जड आहे ही," तो म्हणाला, आणि कुठे ठेवावी ते न कळून ती तशीच धरून तिच्या शेजारी उभा राहिला.