खुशालीचा रकाना

आरोग्य केंद्रांतल्या नर्सांनी भरून पाठवलेला पहिला फॉर्म अलिनाफेनं कॉम्प्युटरवर उघडला आणि ती वरून खाली वाचत गेली.

वरच्या अकरा प्रश्नांपुढच्या खुणा ठीक होत्या. औषधं पुरतात का? नाही. खोकी फोडलेली येतात का? हो. कोण फोडतं, ठाऊक आहे? हो. फॉर्मवर नावाला जागाच नव्हती. खालचं बटण दाबलं की पाठवणारीचा पत्तासुद्धा गळून पडेल, अशी सोय तिनंच केली होती. गेल्या वर्षी एका नर्सनं तोंड उघडलं होतं, तर आठवड्याच्या आत तिच्या खोलीचं छप्पर पेटलं होतं.

पण सगळ्यात शेवटी एक मोकळा रकाना होता. ‘आणखी काही सांगायचंय?’ त्यात लिहिलं होतं:

‘मुली ब्वांजी, अलिनाफेताई? बाळानं मान धरली का? तुम्ही सुखरूप असाल तर आम्हीही सुखरूप आहोत. औषधांची गाडी इथं यायच्या आधी लिकोंग्वेसाहेबांच्या मेव्हण्याच्या दुकानामागे थांबते, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचीच, सिस्टर फॅनी म्बेवे, सरोवराकाठचं केंद्र.’

तिनं दुसरा उघडला. तिसरा. पाठवलेल्या चाळिसांपैकी एकोणीस आले होते आणि एकोणीसही तसेच. आधी ‘मुली ब्वांजी’, म्हणजे कशा आहात, अशी खुशाली, मग गाऱ्हाणं, मग नाव, गावासकट. खुशाली विचारल्याशिवाय आणि आपण कोण ते सांगितल्याशिवाय कुणाशी बोलायचं तरी कसं? तिलाही जमलं नसतं. मग रकाना आखताना हे कसं सुचलं नाही?

तिचे वरिष्ठ कचालेसाहेब दारातून डोकावले. ‘‘झालं का गं छापून? औषध भांडाराचे लिकोंग्वे येऊन बसलेत. अहवाल राजधानीला जायच्या आधी मूळ फॉर्म बघायचा हक्क आहे म्हणे त्यांना. बघू देत, आपलं काय जातंय! नावं थोडीच आहेत?’’

यांना सांगावं, तर हे व्हरांड्यातूनच मोठ्यानं ‘काय, नावं आहेत?’ म्हणून मोकळे होतील.

‘‘अर्धा तास, साहेब. प्रिंटर रुसलाय.’’

‘‘तुझा प्रिंटर आणि माझी सासू!’’ कचाले हसत म्हणाले. ‘‘बरं, चहा पाजतो तोवर.’’

ती म्बेवेबाईंचं नाव खोडायला गेली, पण अक्षर हललं नाही. भरून आलेल्या फॉर्ममध्ये कुणी फेरफार करू नये म्हणून आपोआप कुलूप लागायचं. तेही तिनंच बसवलेलं, कायमचं. तिनं कोरा फॉर्म उघडला आणि उत्तरं एकेक करून नव्यानं भरायला घेतली. अकरा खुणा. गाऱ्हाण्याचं वाक्य जसंच्या तसं. खुशाली नाही, नाव नाही. मग मूळ फॉर्म पुसून टाकायचा; कुलूप फेरफाराला होतं, अख्खा फॉर्म पुसायला नव्हतं.

फॉर्म कसा भरायचा ते शिकवायला ती बाळाला पाठीशी बांधून केंद्राकेंद्रावर हिंडली होती. त्या बायका ते विसरल्या नव्हत्या. ‘लेकराला पहिला दात आला की कळवा.’ पुसलं. ‘तुमच्या दुधाला आटणं नसो.’ पुसलं. ‘देव त्याला आजोबा होईस्तोवर जगवो.’ इथं तिची बोटं थांबली. पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तसं तिनं तेही पुसलं.

एकोणिसावं पान प्रिंटरमधून बाहेर येत होतं, तेव्हाच लिकोंग्वे दारात उभे राहिले. पिकलेले केस, मऊ आवाज.

‘‘मुली ब्वांजी, पोरी? घरचे कसे आहेत?’’

‘‘बरे आहेत, बाबा. तुम्ही बरे असाल तर.’’

‘‘मी उत्तम.’’ त्यांनी गठ्ठा घेतला आणि उभ्याउभ्याच शेवटचा रकाना तेवढा वाचत पानं उलटली. एक, दोन, सहा. मग परत पहिल्यावर आले.

‘‘गंमतच आहे. माझी मेव्हणी नर्स आहे. एकदा वीज कंपनीला तक्रार लिहायला बसली, तर अर्धं पान त्यांच्या बायकापोरांची चौकशी! आणि इथं एकोणीस बायका बोलतात, पण एकीलाही तुझी खुशाली विचारावीशी वाटली नाही?’’

‘‘मीच सांगितलं होतं, बाबा,’’ अलिनाफे म्हणाली. ‘‘थोडक्यात लिहा म्हणून. जागा कमी असते.’’

‘‘असं होय.’’ मग त्यांनी पानांच्या कडा टेबलावर आपटून जुळवल्या. ‘‘नवी रीत आहे बाबा. आम्ही जुनी माणसं.’’

ते वळले. दोन पावलं टाकली.

कॉम्प्युटर टुणकन वाजला.

नवा फॉर्म आला की लिहिलेल्या मजकुराची सुरुवात पडद्याच्या कोपऱ्यात उमटायची. तिचा हात उठला, पण लिकोंग्वे तिच्याआधी मागे फिरले होते. खिशातून चष्मा काढून, तो डोळ्यांवर नीट बसवून त्यांनी मोठ्यानं वाचलं, लहान मुलाला वाचून दाखवावं तसं, सावकाश:

‘‘ ‘मुली ब्वांजी, ताई? उशीर झाला, रागावू नका. तुम्ही सुखरूप असाल तर मीही सुखरूप आहे. मी सिस्टर...’ ’’

कोपऱ्यात तेवढंच मावलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले.

‘‘उघड,’’ ते म्हणाले.