झोपलेल्याचा अंगठा

अतिदक्षता विभागाच्या दारातून मशीनची गाडी आत आली तशी नर्स म्हणाली, "आली करंटवाली. आपापले हात खिशात घाला."

करंटवाली हसली नाही, रागावलीही नाही. विनोद रोजचाच होता. तिने गाडी कोपऱ्यातल्या खाटेपाशी लावली.

खाटेवर चाळिशी ओलांडलेला माणूस होता. त्याचं हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं, पण डोळे त्यानंतर उघडले नव्हते. शेजारी स्टुलावर त्याची थोरली बहीण बसली होती. तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता आणि सगळं बोलणं त्याच्याशीच होतं.

"किती ताणून द्यायची रे? बरं, गाडीची चावी कुठे ठेवलीस तेवढं सांग, मग झोप हवं तर."

करंटवालीने त्याच्या डोक्यावर मोजून एक जागा शोधली. हाताला झालेला स्पर्श मेंदूत जिथे पोचतो, ती जागा. तिथले केस बाजूला सारून तिने पेस्ट लावली आणि चकती बसवली. एक चकती मानेवर, एक खांद्याजवळ. करंट देणारी टोकं मनगटावर.

"दुखेल का हो त्याला?" बहिणीने विचारलं.

"नाही. मनगटातल्या नसेला करंट देते. त्याने अंगठा उडेल. अंगठा करंटनं उडतो, ताई. डोक्यापर्यंत काय पोचतं ते या पडद्यावर दिसतं."

तिने बटण फिरवलं. अंगठा उडाला. मग पुन्हा, पुन्हा, एका लयीत.

बहीण स्टुलावरून अर्धी उठली. "हलला! अहो, हलला की!" तिला हसू आवरेना. "सोंगाड्या! लहानपणी अस्साच पडून राहायचा शाळेच्या वेळेला. हाका मारा, चिमटे काढा, ढिम्म. मग मी याला ऐकू जाईल असं आईला सांगायची, 'आई, जो खरा झोपलेला असतो ना, त्याचा अंगठा हलतो!' की लगेच हा अंगठा हलवायचा. दरवेळी फसायचा गाढव."

"करंटनं हलतोय, ताई."

"हो हो, करंट निमित्त."

करंटवाली पडद्याकडे बघत होती. रोग्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं तिने कधी ठरवलं नव्हतं, ते होत गेलं होतं. खांद्याच्या रेघेवर छान उंचवटा आला होता. मानेच्या रेघेवरही. डोक्याच्या रेघेवर मेंदूच्या पेशींचं उत्तर यायला हवं होतं. तिथे रेघ सपाट होती.

तिने चकती दाबून पाहिली. नवी पेस्ट लावली. करंट वाढवला, तसा अंगठा जोरात उडाला आणि बहीण आणखी हसली. मग तिने दुसरा हात घेतला, डोक्याची दुसरी बाजू घेतली. खांदा बोलला, मान बोलली. डोकं गप्प.

"काय दिसतंय?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

"रिपोर्ट नको मला. डोक्यापर्यंत पोचलं का, एवढंच सांगा."

"डॉक्टर येतीलच आता राउंडला." लिफ्ट बंद आहे असं सांगावं तसा तिचा आवाज होता.

बहिणीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. करंटवालीने करंट बंद केला. अंगठा थांबला. तिने मनगटावरची टोकं काढली, वायरी गुंडाळल्या, कापूस ओला केला.

बहीण भावाच्या कानाशी वाकली. आवाज मात्र तिने खाली आणला नाही. आतल्या खोलीतल्या कुणाला सांगावं तसा चढवला.

"आई, जो खरा झोपलेला असतो ना, त्याचा अंगठा हलतो बरं का!"

पलीकडच्या खाटेशी सलाईन बदलणारी नर्स थांबली. करंटवालीही कापूस हातात धरून उभी राहिली. चादरीवर त्याचा हात उताणा पडला होता. मनगटावर टोकांचे दोन लाल ठिपके होते. तिघी त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"सोंग नाहीये," बहीण म्हणाली.

तिने करंटवालीच्या हातातून ओला कापूस घेतला आणि भावाच्या केसांतली पेस्ट पुसायला लागली. हळूहळू, त्याची झोप मोडणार नाही अशा बेताने.